गवळाऊ : वर्ध्याच्या गोवंशाचा इतिहास आणि जनुकीय खुणांची साक्ष

गवळाऊ ही वर्धा जिल्ह्याची स्वतःची गाय आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडे आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरत येतात. तिथल्या माळांवर आणि झुडपी रानात ही जात घडली. नागपूर जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यातही तिची जनावरे आढळतात. नाव गवळ्यांवरून आलेले आहे; बोलण्यात काही जण गौळाऊ असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या देशी गोवंशात खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी यांच्या बरोबरीने गवळाऊची गणना होते. अलीकडे त्यांत कोकण कपिला आणि पूर्व विदर्भातली कठाणी यांची भर पडली आहे.

गाय पांढरी किंवा फिकट राखाडी असते. बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर करडी झाक उतरते. डोके लांब, अरुंद आणि तोंडाकडे निमुळते होत गेलेले, कपाळ सपाट, डोळे बदामी आणि किंचित तिरके. शिंगे आखूड, बोथट टोकांची आणि मागे वळलेली. वशिंड मोठे असले तरी सैल, बरेचदा एका बाजूला कललेले. गळ्याखालची पोळी भरपूर. शेपूट मात्र आखूड. अंगाने ही जनावरे हलकी आणि लांबट असतात, आणि त्यांची खरी ओळख त्यांच्या चालीत आहे. जड ओझे संथपणे ओढणारे बैल इतर जातींत पुष्कळ सापडतात. गवळाऊचा बैल दुडक्या चालीने लांब पल्ला गाठतो आणि विदर्भाच्या उन्हातही दमाला टिकतो. गाय एका वेतात सरासरी ६०० किलोच्या आसपास दूध देते, त्यात स्निग्धांश चार टक्क्यांहून थोडा अधिक असतो. आजच्या डेअरीच्या हिशेबाने हा आकडा लहान आहे. तो वाचताना ही गाय मुख्यतः रानच्या चराईवर आणि कडब्यावर जगून एवढे दूध देते आणि वर बैल देते, हे ध्यानात घ्यावे लागते.

ही जात कोणी आणि केव्हा घडवली याचा लेखी पुरावा नाही. आहेत त्या परंपरा. छिंदवाड्याजवळच्या देवगडावर गोंड राजांच्या आधी गवळी राजे होते असे तिकडच्या कथा सांगतात. मेळघाटातल्या गाविलगडाचे नावही गवळ्यांशी जोडले जाते; पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने तिथे पक्का किल्ला बांधला, त्याआधी गवळ्यांची मातीची गढी होती अशी समजूत आहे. या कथांमधून राजवंशांचा इतिहास काढणे धोक्याचे आहे. पण सातपुड्याच्या दोन्ही उतारांवर गुरे राखणाऱ्या समाजांचा जुना आणि दाट वावर होता, एवढे त्यांच्यावरून मानायला हरकत नाही. आर्वी-कारंजा भागातला नंदगवळी समाज आपले मूळ गोकुळच्या नंदाशी सांगतो. गवळाऊची शुद्ध जनावरे आज जी काही टिकून आहेत, ती मुख्यतः याच समाजाच्या गोठ्यांत.

नंदगवळ्यांचे गोपालन गोठ्यापेक्षा रानावर उभे होते. पावसाळ्यात कळप गावाजवळच्या माळावर, उन्हाळा चढला की पाणी असलेल्या नाल्याखोऱ्यांकडे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते त्यांची मुख्य वैरण. दूध-तुपाइतकेच उत्पन्न गोऱ्ह्यांच्या विक्रीतून येई. कास्तकार चांगल्या खोंडासाठी गवळ्याचा वाडा शोधत येत. वळू कोणता ठेवायचा आणि कोणता खच्ची करायचा, हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या गवळ्याच्या नजरेवर होता. डोक्याचा निमुळतेपणा, खुरांची घट्टी, चालताना मागचा पाय पुढच्या पावलाच्या ठशावर पडतो की नाही, गोऱ्ह्याच्या आईची कास आणि तिच्या आधीच्या वेतांचा अनुभव, हे सगळे जमेस धरले जाई. वंशावळ कागदावर नव्हती, पण ती तोंडी पक्की होती. पशुवैज्ञानिक ज्याला निवड म्हणतात ती हीच.

मराठ्यांच्या काळात या जातीला वेगळे वळण मिळाले, असे जुने पशुतज्ज्ञ सांगत आले आहेत. डोंगराळ मुलखातून सामान झपाट्याने हलवण्यासाठी मराठ्यांनी वेगवान दुडकीचे बैल निवडून वाढवले, असे त्यांचे म्हणणे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा अठराव्या शतकात ओडिशा-बंगालपर्यंत जात होत्या आणि त्यांच्या मुलखाच्या मधोमध हाच प्रदेश होता. तेव्हा हे म्हणणे पटण्यासारखे आहे. फौजेच्या बाजारबुणग्याबरोबर लागणारा बैल आणि नांगराला लागणारा बैल यांची गरज सारखी नसते, आणि गवळाऊची ठेवण पहिल्या गरजेकडे झुकलेली दिसते.

शांततेच्या काळात हाच बैल कापसाच्या कामी आला. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता. रेल्वे येण्याआधी नागपूर-वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांवर आणि गाड्यांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर हा लांबचा व्यापार तुटला. पण शेतातून जिनापर्यंत आणि जिनातून स्टेशनापर्यंत बंडीला पर्याय नव्हता, त्यामुळे उलट बैलांची मागणी वाढली. लग्नाकार्याला, बाजाराला आणि माहेरवाशिणीला आणायला दमणी किंवा रेंगी असे. त्या हलक्या गाड्यांना जुंपायला गवळाऊची जोडी ही घराच्या ऐपतीची खूण होती.

विदर्भाचा शंकरपट याच चालीवर उभा राहिला. पश्चिम महाराष्ट्राच्या शर्यतींहून पटाची रीत निराळी आहे: जोडी ठरलेल्या धावेवरून सोडायची आणि वेळ मोजायचा. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट दूरवर प्रसिद्ध आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बंदीच्या या वर्षांत पटाच्या गोऱ्ह्यांचे गिऱ्हाईक हटले, आणि ज्या जातीची किंमत वेगात होती तिच्या पैदाशीचे एक कारणही तेवढा काळ नाहीसे झाले. जनावरांच्या छळाचा प्रश्न खरा आहे आणि अटी कडकपणे पाळल्या गेल्याच पाहिजेत. तरीही बंदीचा हा दुसरा परिणाम नोंदवायला हवा.

पोळ्याला वर्धा-नागपूरकडे जे महत्त्व आहे तेही बैलाच्या या स्थानामुळेच. आदल्या दिवशी खांद शेकणे, पोळ्याच्या दिवशी आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या करणे, झडत्या म्हणणे, आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा. जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावचा तान्हा पोळा तर खास पाहण्यासारखा असतो.

इंग्रजी अमदानीत या जनावरांची शास्त्रीय नोंद सुरू झाली. आर्थर ऑल्व्हर यांनी १९३८ मध्ये हिंदुस्थानातल्या प्रमुख गोवंशांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे १९५३ मध्ये जोशी आणि फिलिप्स यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांवर ग्रंथ लिहिला. आखूड शिंगे, पांढरा-राखाडी रंग आणि लांबट कवटी असलेल्या जातींचा एक गट त्यांनी पाडला आणि हरियाणा, नागोरी, आंध्रची ओंगोल यांच्या सोबत गवळाऊला त्यात बसवले. गवळाऊ आणि ओंगोल यांचे साम्य डोळ्यांना चटकन दिसते. त्यावरून उत्तरेतून आलेल्या वैदिक आर्यांबरोबर ही गुरे मध्य हिंदुस्थानमार्गे नेल्लोरच्या किनाऱ्यापर्यंत गेली आणि गवळाऊ ही त्या वाटेवरची मधली कडी, अशी उपपत्ती मांडली गेली. उपपत्ती आकर्षक होती, पण तिचा आधार रंग, शिंगे आणि कवटी एवढाच होता. तो आधार पुरेसा नाही, हे पुढे दिसून आले.

ऑल्व्हर यांचा आढावा निघाला त्याच सुमारास वर्ध्याच्या दुसऱ्या टोकाला गायीचा विचार अगदी वेगळ्या अंगाने चालू होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी सेगावला राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. गायीचा प्रश्न त्यांनी त्याआधीच हाती घेतला होता. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या गोरक्षा परिषदेचे ते अध्यक्ष होते, १९२५ मध्ये अखिल भारतीय गोरक्षा मंडळ स्थापन झाले. १९२७ मध्ये बंगळूरला प्रकृती सुधारण्यासाठी राहिले असताना ते तिथल्या सरकारी पशुसंवर्धन व दुग्धसंस्थेत जाऊन विल्यम स्मिथ या तज्ज्ञाकडून दुग्धव्यवसायाची माहिती घेत होते. ते स्वतः गायीचे दूध घेत नसत. कलकत्त्याच्या गवळीवाड्यांत जास्त दूध काढण्यासाठी चालणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रथेचे वर्णन वाचल्यावर त्यांचे मन दुधावरून उठले, १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले आणि १९१९ च्या आजारपणात कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात मात्र गोशाळा होती. यशवंत महादेव पारनेरकर आणि बलवंतसिंह या दोघांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत.

३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्ध्यात गोसेवा संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज त्याचे अध्यक्ष झाले. राजकारणातून बाजूला होऊन त्यांनी उरलेले आयुष्य या कामाला द्यायचे ठरवले आणि नालवाडीजवळच्या गोपुरीत ते झोपडी बांधून राहू लागले. १ फेब्रुवारी १९४२ रोजी तिथे गोसेवा परिषद भरली. दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, जमनालालजी वारले. मग संघाची धुरा जानकीदेवींनी उचलली. संघाच्या सभासदांनी गायीचेच दूध-तूप वापरायचे आणि मेलेल्या जनावराच्याच कातड्याच्या वस्तू घ्यायच्या, असे नियम होते. नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चालवलेले चर्मालय हा याच अर्थशास्त्राचा भाग होता: शेण, मूत्र, हाडे, कातडे यांची किंमत धरल्याशिवाय म्हातारी गाय शेतकऱ्याला परवडत नाही. वर्ध्याच्या गोरस भांडारातला गोरसपाक आजही प्रवासी घरी घेऊन जातात. तोही त्याच चळवळीचा वारसा आहे.

या चळवळीतला एक मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला. म्हशीच्या दुधाला चांगला भाव येतो म्हणून लोक म्हैस ठेवतात आणि बैलासाठी वेगळी गाय, मग त्या गायीला कोणी खाऊ घालत नाही, असे गांधीजींचे निरीक्षण होते. त्यावर वर्ध्याच्या कार्यकर्त्यांचे उत्तर होते सर्वांगी गाय: जिची कालवड दूध देईल आणि गोऱ्हा नांगर ओढेल अशी जात, तीही स्थानिक वंशातूनच निवडीने सुधारलेली. जमनालालजींचे पुतणे राधाकृष्ण बजाज यांनी हा विचार पुढे कित्येक दशके लावून धरला. सतीशचंद्र दासगुप्तांचा भारतीय गायीवरचा मोठा ग्रंथ १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनेसह निघाला. त्यातही जोर देशी जातींच्या सुधारणेवरच होता. राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदाची आठवण लोकांना गोवधबंदीपुरती असते, पण त्याच वाक्यात जातींचे जतन आणि सुधारणा करण्याचेही निर्देश आहेत. पवनारहून विनोबांनी १९७६ आणि १९७९ मध्ये उपवासाचा मार्ग धरला, तेव्हा देशाचे लक्ष वाक्याच्या उत्तरार्धाकडे गेले. पूर्वार्ध मागे पडला.

त्या पूर्वार्धाच्या बाबतीत गांधीजींच्याच अनुयायांमध्ये दोन वाटा फुटल्या. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ संस्था काढली आणि होल्स्टीन व जर्सीच्या गोठवलेल्या रेतनाने संकरित गायी गावोगाव पोहोचवल्या. गरिबाच्या घरी दुधाचा पैसा यावा ही त्यामागची तळमळ होती आणि पुणे-नगर पट्ट्यात तो पैसा खरोखर आला. वर्ध्याची वाट स्थानिक जातीची. सरकारी धोरण पहिल्या वाटेने गेले. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊसाठी सरकारी पशुपैदास केंद्र राहिले, पण गावातल्या दवाखान्यात मिळणारे रेतन बहुतेक जर्सीचे किंवा होल्स्टीनचे असे. ऊन, गोचीड आणि कोरडवाहू चारा यांच्यापुढे संकरित गाय विदर्भात पुण्यासारखी टिकली नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये वर्धा धरून विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत शेतकऱ्यांना दुभत्या संकरित गायी देण्याची तरतूद होती. पुष्कळांनी त्या चारा-ढेपेचा खर्च झेपेना म्हणून विकून टाकल्या.

गवळाऊच्या ऱ्हासाला संकर हे एकच कारण नाही. ट्रॅक्टरने बैलाची गरज घटवली. ज्वारी मागे पडून सोयाबीन आले आणि कडबा संपला. कपाशी आणि सोयाबीन दोन्ही जनावराला कडब्यासारखी वैरण देत नाहीत. जंगल राखीव होत गेले. बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले आणि चराईच्या जुन्या वाटा आणखी आखडल्या. २०१५ च्या कायदादुरुस्तीने बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे निकामी बैलाची बाजारातली किंमत गेली आणि गोऱ्हा वाढवणे अनेकांना जड झाले. २०२२ मध्ये लम्पी आजाराने राज्यभरातली जनावरे दगावली. या सगळ्यात गावचा वळू हरवला. देवाला सोडलेला सांड गावोगाव मोकळा फिरे. त्या धार्मिक रिवाजात पैदाशीची सोयही होती. आता ज्या गावात गवळाऊच्या गायी आहेत तिथेही गवळाऊचा वळू असेलच असे नाही.

जात किती उरली हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पांढरी, आखूड शिंगांची गाय दोन पिढ्यांमागे संकर झालेलीही असू शकते. इथे जनुकीय खुणांची मदत होते. कर्नालला १९८४ पासून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. देशातल्या जातींची नोंदणी आणि त्यांचा जनुकीय अभ्यास तिथे चालतो. कामाची रीत अशी: गायीच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त गोठणार नाही अशा नळीत घेतात, किंवा शेपटीचे काही केस मुळासकट उपटतात. त्यातून डीएनए वेगळा काढतात. डीएनएच्या काही जागी दोन-चार अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. कोणात बारा वेळा, कोणात सतरा वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. प्रत्येक जनावराकडे एक प्रत आईची आणि एक बापाची असते. नेमकी तीच जागा यंत्रात लाखो पटींनी वाढवून तिची लांबी मोजतात. अन्न व कृषी संघटनेने गुरांसाठी अशा ३० जागांची यादी ठरवून दिली आहे, त्यामुळे वर्ध्याच्या गायीचा निकाल ब्राझीलच्या गायीशी ताडून पाहता येतो.

या लांबींच्या नोंदींतून तीन प्रकारची उत्तरे मिळतात. एखाद्या कळपात एकाच जागी किती वेगवेगळ्या लांबी सापडतात यावरून विविधता कळते. जनावरांकडे आई-बापांच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघाले, तर नात्यात पैदास होत असल्याचे कळते. आणि दोन कळपांतल्या लांबींचे प्रमाण किती वेगळे आहे यावरून त्यांच्यात वळूंची देवाणघेवाण होते की नाही, हे उमगते. गवळाऊच्या बाबतीत आर्वीचे कळप आणि बालाघाटचे कळप एक की दोन, हा प्रश्न याच प्रकारचा आहे आणि जतनाची योजना त्याच्या उत्तरावर ठरते.

गवळाऊवर असा अभ्यास झालेला आहे. जबलपूर आणि आणंद इथल्या पशुवैज्ञानिकांनी गवळाऊ आणि बुंदेलखंडची केनकथा या दोन जातींची मायक्रोसॅटेलाइट खुणांवरून केलेली तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. देशाचे व्यापक चित्र २०१५ च्या एका अभ्यासातून दिसते. त्यात अकरा भारतीय जातींची ५०८ जनावरे २१ खुणांवर तपासली होती. एकूण विविधतेपैकी सुमारे १३ टक्के भाग जातीजातींमधल्या फरकाचा निघाला, उरलेला जातीच्या आतला. विविधता भरपूर असूनही आठ जातींमध्ये नात्यातल्या पैदाशीची स्पष्ट चिन्हे होती. म्हणजे धोका एकट्या संकराचा नाही. जनावरे शुद्ध असली तरी वळू मोजकेच असतील तर जात आतून पोखरली जाते.

हे एका साध्या हिशेबाने पाहता येते. समजा एखाद्या भागात ५०० गवळाऊ गायी आहेत आणि त्यांना वळू फक्त ५. आनुवंशिकीच्या सूत्राने, नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला एकूण संख्येने भागले, तर हा कळप जेमतेम २० जनावरांच्या कळपासारखा वागतो आणि दर पिढीला नात्याची दाटी अडीच टक्क्यांनी वाढते. वळू ५ ऐवजी २५ केले, गायी तेवढ्याच ठेवल्या, तर प्रभावी संख्या ९५ वर जाते आणि ती वाढ अर्ध्या टक्क्यावर येते. ज्या कळपाची प्रभावी संख्या पन्नासाच्या खाली, त्याची काळजी करावी असा जगभर संकेत आहे. गायी वाढवण्याच्या योजनांवर जेवढा खर्च होतो, त्याचा थोडा भाग वेगवेगळ्या घराण्यांतले वळू राखण्यावर झाला तर फायदा कितीतरी अधिक, असे हा हिशेब सांगतो. कोणते पंचवीस गोऱ्हे एकमेकांचे नातलग नाहीत, हे खुणांवरून निश्चित करता येते. गवळ्याची तोंडी वंशावळ आणि प्रयोगशाळेचा निकाल इथे शेजारी ठेवून वाचायला हवेत.

सगळ्या खुणा सगळे सांगत नाहीत. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. १९९४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी त्याचाच आधार घेऊन वशिंडाची गुरे आणि युरोपची बिनवशिंडाची गुरे यांचे वंश लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाल्याचे दाखवले. म्हणजे त्यांना माणसाळवणेही दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाले. पुढच्या संशोधनात भारतीय गुरांचे दोन मुख्य मातृवंश आढळले आणि माणसाळवण्याची जागा सिंधू खोऱ्याकडे सरकली. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या उत्खननातली हाडेही सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची अशीच साक्ष देतात. वैदिक काळाच्या कितीतरी आधी वशिंडाची गाय या उपखंडात माणसाच्या घरी होती. त्यामुळे आर्यांच्या वाटेची जुनी उपपत्ती निदान गायीच्या उगमापुरती टिकत नाही. गवळाऊ आणि ओंगोल यांचे नाते त्याहून अलीकडच्या देवाणघेवाणीत शोधावे लागते.

पण संकर ओळखायला हीच आईकडची खूण निरुपयोगी आहे. आपल्याकडे परदेशातून मुख्यतः वीर्य आले, त्यामुळे जर्सीच्या संकरातून झालेल्या कालवडीतही मायटोकॉन्ड्रिया गावठी आईचाच असतो. आफ्रिकेत याच तऱ्हेने आशियाई वळूंचा वंश स्थानिक गायींच्या आईकडच्या खुणांत दिसत नाही, बापाकडून येणाऱ्या वाय गुणसूत्रात दिसतो. म्हणून गवळाऊचा वळू निवडताना वाय गुणसूत्र आणि उरलेल्या गुणसूत्रांवरच्या खुणा तपासणे आवश्यक आहे.

आता मायक्रोसॅटेलाइटची जागा एका अक्षराचा फरक टिपणाऱ्या स्निप खुणांच्या चिपा घेत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने बनवलेली इंडिगाऊ ही देशी गोवंशांची पहिली चिप ऑगस्ट २०२१ मध्ये आली. तिच्यावर ११,४९६ खुणा आहेत. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप यांचे अनावरण पंतप्रधानांनी केले ते विदर्भातच, वाशिमला. वासरू लहान असतानाच त्याची गुणवत्ता आणि शुद्धता ताडणे यामुळे शक्य होते. मात्र चिप घडवताना ज्या जातींची जनावरे भरपूर तपासली गेली, त्यांच्याच बाबतीत ती अचूक बोलते. गीर, साहिवाल, ओंगोल यांचे कळप मोठे आहेत आणि त्यांचे नमुने सहज मिळतात. गवळाऊसारख्या लहान जातीचे नमुने मुद्दाम, गावोगाव जाऊन गोळा करावे लागतील. ते झाले नाही तर गवळाऊला दुधाच्या जातींच्या मापाने मोजले जाईल, आणि त्या मापात तिची चाल, दम आणि उन्हातला टिकाव कुठेच येणार नाही.

द्रवनायट्रोजनमध्ये वीर्यकांड्या साठवणे हा विमा म्हणून योग्यच आहे. पण कांडीतून पुन्हा जात उभी करायला गायी लागतात, गायींना रान लागते आणि रानात राखायला गवळी लागतो. आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत चराईचे परवाने कोणाला व किती द्यायचे, हेटीकुंडीला कोणते वळू ठेवायचे आणि नमुने कोणत्या गोठ्यांतून घ्यायचे, हे पशुसंवर्धन खाते, वनखाते आणि विद्यापीठे वेगवेगळे ठरवत राहिली तर गवळाऊ वाचणार नाही. या तिघांनी एका बैठकीत बसावे आणि त्या बैठकीत नंदगवळ्यांचे प्रतिनिधी पहिल्या रांगेत असावेत. वर्धा जिल्ह्यात गवळाऊचा वळू ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्याची नोंद जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्यावी आणि गोऱ्हा खच्ची करण्याआधी त्याच्या शेपटीचे चार केस तपासणीला द्यावेत.